हेडलाइट लावला की तापमानाचा काटा चढतो, बॅटरीचा दिवा मिणमिणतो: पार्ट बदलण्याआधी काय मोजायचं

तक्रार साधारण अशी असते. दिवसा गाडी व्यवस्थित चालते. रात्री हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर एकदम सुरू झाले की तापमानाचा काटा अर्ध्यावरून पाऊणपर्यंत जातो. सिग्नलला उभं राहिलं की बॅटरीचा लाल दिवा अगदी अंधुक दिसतो, रेस दिली की जातो. आधी टेम्परेचर सेन्सर बदलून झालेला असतो, मग थर्मोस्टॅट (गरम कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप), शेवटी बॅटरी. बॅटरी बदलल्यावर काही दिवस सगळं ठीक वाटतं आणि मग पुन्हा तेच.

यातलं ‘बॅटरी बदलल्यावर काही दिवस ठीक’ हे नीट लक्षात ठेवा, कारण निदान बहुतेक वेळा तिथेच दडलेलं असतं. बॅटरी बदलताना टर्मिनल निघतात, घासले जातात, पुन्हा घट्ट बसतात. फरक बॅटरीमुळे पडत नाही, त्या घासण्यामुळे पडतो. म्हणजे दोष करंटच्या वाटेत आहे, आणि काटा व दिवा दोघंही त्या वाटेवरचेच प्रवासी आहेत.

पुढे जाण्याआधी एक अपवाद सांगतो, कारण तिथे मोजमाप करत बसायला वेळ नसतो. चालत्या गाडीत बॅटरीचा दिवा लख्ख पेटला आणि पाठोपाठ काटा भराभर चढू लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. बऱ्याच इंजिनांत अल्टरनेटर (बॅटरी भरणारं जनित्र) आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर फिरतात. बेल्ट तुटला की चार्जिंगही जातं आणि कूलंटचं फिरणंही थांबतं. स्टिअरिंग अचानक जड झालं असेल तर खात्रीच समजा. ‘चार्जिंगचा दिवा आहे, घरापर्यंत पोचू’ हा हिशेब इथे इंजिनाच्या हेडवर बेततो. दिवा पेटला पण काटा स्थिर आहे आणि बेल्ट जागेवर फिरतोय, तर मात्र बॅटरीत शिल्लक असलेल्या चार्जवर थोडं अंतर जाता येतं. एसी, ब्लोअर आणि म्युझिक सिस्टीम बंद ठेवायची.

आता मूळ तक्रारीकडे येऊ.

काटा खरं बोलतोय का?

इंजिन खरोखर तापतंय की फक्त काटा चढतोय, हा पहिला प्रश्न. तो न विचारताच सेन्सर आणि थर्मोस्टॅट बदलले जातात. उत्तर मिळवायला डॅशबोर्डपासून स्वतंत्र असलेलं दुसरं माप हवं.

गाडीत ओबीडी सॉकेट (निदानाचा स्कॅनर जोडायची जागा) असेल तर साधा स्कॅनर पुरतो. कूलंटचं तापमान हे त्यातल्या अगदी मूलभूत मापांपैकी एक. इंजिनाचा कंट्रोलर एकाच बाइटमध्ये तो आकडा पाठवतो आणि त्यातून 40 वजा केले की अंश सेल्सिअस मिळतात: 130 आलं तर 90 अंश. स्कॅनर हा हिशेब स्वतःच करतो. काटा चढलेला असताना स्कॅनरवर 88-92 दिसत असेल, तर इंजिन तापलेलं नाही.

जुन्या गाडीत इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा, पण चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर रोखू नका. चकचकीत धातू उष्णतेचं उत्सर्जन फार कमी करतो, त्यामुळे आकडा प्रत्यक्षापेक्षा बराच खाली येतो आणि माणूस निर्धास्त होतो. थर्मोस्टॅटच्या धातूच्या आवरणावर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर रोखा, किंवा रेडिएटरच्या वरच्या काळ्या होज पाइपवर रोखा. पाइपवरचा आकडा आतल्या कूलंटपेक्षा काही अंश कमीच असणार, तेवढा फरक धरून चाला.

आधुनिक गाडीतल्या काट्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम ‘शांत’ केलेला असतो. कूलंट साधारण 75 ते 105 अंशांच्या पट्ट्यात कुठेही असलं तरी सॉफ्टवेअर काट्याला मधोमध धरून ठेवतं, म्हणजे मालक उगाच सर्व्हिस सेंटरला येत नाही. हा पट्टा प्रत्येक मॉडेलात वेगळा असतो. परिणाम असा की काटा हलेपर्यंत गोष्ट बरीच पुढे गेलेली असते. गंमत म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं साधन या बाबतीत जास्त प्रामाणिक होतं. 1910 च्या दशकात हॅरिसन बॉइस यांचं मोटोमीटर आलं. रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला तो सरळसरळ थर्मामीटर होता आणि ड्रायव्हर काचेतून त्याच्याकडे बघत गाडी चालवायचा. त्याचं टोक पाण्याच्या पातळीच्या वर, वाफेत असायचं. पाणी कमी झालं तरी तापलेली वाफ त्याला हलवायचीच.

आजचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो, आणि यातून एक धोकादायक गोष्ट घडते. कूलंट गळून पातळी सेन्सरच्या खाली गेली की सेन्सर हवेत उघडा पडतो आणि काटा चढण्याऐवजी खाली येऊ शकतो. काटा वर जाऊन अचानक ‘थंड’वर आला, हीटरमधून गार हवा येऊ लागली, तर त्याला सुधारणा समजू नका. इंजिन बंद करा. झाकण मात्र गरम असताना उघडायचं नाही. साधारण 15 पीएसआय दाबाचं झाकण उकळबिंदू 25 अंशांच्या आसपास वर नेतं. दाब सुटला की आतलं द्रव क्षणात उकळून अंगावर येतं.

काटा खोटं का बोलतो

स्कॅनर 90 सांगतोय आणि काटा पाऊणवर, असं असेल तर पुढचं वाचा.

जुन्या पद्धतीच्या गाड्यांत सेन्सरला एकच वायर असते. त्याची दुसरी बाजू म्हणजे त्याचं धातूचं अंग, जे इंजिन ब्लॉकमध्ये आटे घालून बसवलेलं असतं. आत थर्मिस्टर असतो, तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. ढोबळ आकडे द्यायचे तर 20 अंशांना अडीच किलोओहमच्या आसपास आणि 80 अंशांना 300 ओहमच्या आसपास, असा सेन्सर बराच आढळतो. रेझिस्टन्स कमी म्हणजे करंट जास्त, करंट जास्त म्हणजे काटा वर. पण हा करंट परत जातो इंजिन ब्लॉकमधून, तिथून अर्थच्या पट्टीतून, म्हणजे करंटच्या परतीच्या जाड केबलमधून, बॅटरीकडे. डॅशबोर्डवरचा मीटर आपला ‘शून्य’ गाडीच्या बॉडीवरून घेतो. बॉडी आणि इंजिन यांच्यामधली पट्टी गंजली असेल, तर दोघांचे शून्य वेगळे होतात.

हेडलाइट लावल्यावरच हे का दिसतं? अल्टरनेटर इंजिनला बोल्टने बसवलेला असतो. हेडलाइट आणि ब्लोअरचा करंट बॉडीमधून फिरून त्याच गंजलेल्या पट्टीतून अल्टरनेटरकडे परत येतो. पट्टीचा रेझिस्टन्स 0.02 ओहम धरा, करंट 40 अँपिअर. झाले 0.8 व्होल्ट. तेवढ्या व्होल्टने बॉडी इंजिनपेक्षा वर उचलली जाते आणि मीटरला वाटतं इंजिन तापलं. इंडिकेटर लावल्यावर काटा त्याच तालात डुलत असेल तर आणखी पुराव्याची गरज नाही.

0.02 ओहम हा आकडा साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर पकडता येत नाही. मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याच्या कितीतरी पट असतो. केबलचे सगळे तार तुटून एकच शिल्लक असला तरी मल्टिमीटरचा ‘जोड आहे’ सांगणारा बझर वाजतो आणि ‘अर्थिंग ओके’ असा शेरा मिळतो. हीच ती जागा जिथे निदान हुकतं आणि नवीन सेन्सरचं बिल फाटतं. अर्थिंग तपासायची असेल तर करंट वाहत असताना व्होल्टेज मोजायचं, दुसरा मार्ग नाही.

ते असं करा. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, मागचा हीटर चालू, रेस साधारण 2000 आरपीएमवर. मीटर डीसी व्होल्टवर. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, म्हणजे शिशाच्या गोळ्यावरच, त्याभोवतीच्या क्लॅम्पवर नाही. क्लॅम्प आणि खुंट यांच्यामधला पांढरा थर हाच गुन्हेगार असेल, तर क्लॅम्पवर प्रोब ठेवून तुम्ही त्यालाच मोजमापातून वगळता. लाल प्रोब इंजिनच्या उघड्या धातूवर टेका. 0.1 व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, 0.2 च्या वर गेलं तर काम आहे. मग लाल प्रोब बॉडीवर, मग अल्टरनेटरच्या अंगावर. बोट, केस आणि वायर फिरत्या बेल्टपासून लांब ठेवा. इलेक्ट्रिक फॅन कधीही सुरू होतो, काही गाड्यांत चावी काढल्यावरही.

नंतर पॉझिटिव्ह बाजू. लाल प्रोब अल्टरनेटरच्या जाड आउटपुट बोल्टवर, काळी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर. तो बोल्ट कायम बॅटरीला जोडलेला असतो, प्रोबचं टोक तिथून निसटून इंजिनला लागलं तर सरळ शॉर्ट. इथे 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मधली केबल, तिचं लग (टोकाची धातूची कडी) किंवा मोठा फ्यूज बघायचा.

मीटर नसेल तर जाड जंपर केबल घ्या. इंजिन बंद असताना एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूला. बेल्टपासून लांब ठेवून गाडी सुरू करा, सगळे दिवे लावा. काटा जागेवर आला तर दोष मिळाला. नाही आला तर इंजिनवरचं टोक काढून बॉडीवर लावून पुन्हा बघा.

अर्थ खराब असल्याची आणखी एक खूण आहे, जी कुणी विचारत नाही म्हणून सांगितली जात नाही. सेल्फ मारल्यावर अ‍ॅक्सिलरेटरची किंवा गिअरची केबल हाताला गरम लागते. सेल्फच्या मोटरला शेकडो अँपिअर लागतात. जाड पट्टीतून परतीची वाट मिळाली नाही की तो करंट मिळेल त्या धातूच्या तारेतून जातो.

दुरुस्ती म्हणजे बोल्ट आवळणं नव्हे. बोल्ट पूर्ण काढा, पट्टीचं लग आणि खालची जागा पॉलिशपेपरने पांढरीशुभ्र दिसेपर्यंत घासा. पेंटवर बसवलेली अर्थ ही अर्थ नव्हेच. दातेरी वॉशर घालून घट्ट करा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा, म्हणजे ओल शिरणार नाही. आधी जेली आणि मग बोल्ट असा उलटा क्रम नको. लगजवळ केबल दाबून बघा. कडक, फुगलेली लागली तर तिथलं प्लॅस्टिक थोडं कापा. आत तांबं हिरवं किंवा काळं पडून भुगा होत असेल, तर नवीन लग दाबून उपयोग नाही, केबलच बदला. नवी पट्टी कितीतरी पार्टांपेक्षा स्वस्त असते, आणि बहुधा म्हणूनच तिच्याकडे कुणी बघत नाही.

बॅटरीच्या दिव्याची भाषा

हा दिवा चार्जिंग मोजत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पारंपरिक रचनेत त्याची एक बाजू चावीमार्गे बॅटरीला आणि दुसरी अल्टरनेटरला जोडलेली असते. दोन्हीकडे सारखं व्होल्टेज आलं की त्यातून करंट वाहत नाही आणि तो विझतो. विझलेला दिवा म्हणजे ‘दोन्ही बाजू समान’ इतकंच. बॅटरी किती भरली, व्होल्टेज 13 आहे की 15, याबद्दल तो काही बोलत नाही. उलट अंधुक पेटलेला दिवा म्हणजे दोन बाजूंत थोडा फरक आहे. तो फरक बहुधा चावीच्या वाटेवरच्या खराब जोडातून येतो, नाहीतर अल्टरनेटरमधल्या डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग).

रेस दिल्यावर दिवा विझत असेल तर बेल्टचा ताण आणि अल्टरनेटरचे घासलेले ब्रश आधी बघा. रेसबरोबर तो अधिक उजळत असेल तर डायोड किंवा वाटेतला रेझिस्टन्स. डायोडची परीक्षा सोपी आहे: इंजिन चालू ठेवून मीटर एसी (आल्टरनेटिंग करंट) व्होल्टवर घ्या आणि बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसलं तर अल्टरनेटर उघडायची वेळ आली.

आणि चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, हा दिवा पेटलाच नाही तर? लोक याकडे दुर्लक्ष करतात, ‘दिवा नाही म्हणजे प्रॉब्लेम नाही’. जुन्या रचनेत अल्टरनेटरच्या फील्डला (आतल्या चुंबकाच्या गुंडाळीला) सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. बल्ब गेला की अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा जोरात रेस दिल्यावरच होतो. चार्जिंग बंद असल्याची सूचना देणाऱ्या बल्बमुळेच चार्जिंग बंद पडतं, ही त्या रचनेची खोड.

दिव्याच्या आधी डॅशबोर्डवर अँपिअर मीटर असायचा. 1912 मध्ये कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ आला, बॅटरी गाडीतच भरत राहणं आवश्यक झालं आणि करंट आत जातोय की बाहेर, हे बघण्याची गरज वाढली. माहिती चांगली मिळायची, पण त्यासाठी सगळा मुख्य करंट डॅशबोर्डमधून फिरवावा लागे. 1960 च्या व्हॅलियंटपासून क्रायस्लरने अल्टरनेटर सर्रास द्यायला सुरुवात केली, करंट वाढत गेले आणि मीटरमागचा तो जोड तापण्याची भीतीही वाढली. आज जुन्या गाडीत असा मीटर असेल तर त्याच्या मागचे नट जरूर बघावेत. मला विचाराल तर त्याच्या जागी व्होल्टमीटर बरा: पातळ वायर, फ्यूज लावता येतो, आणि चार्जिंगचं आरोग्य जास्त स्पष्ट कळतं.

व्होल्टमीटरचे आकडे असे वाचा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5. गाडी सुरू केल्या केल्या 14.4 आणि तासाभराने 13.9 दिसलं तर घाबरू नका, तापमान वाढलं की अल्टरनेटरचा रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) चार्जिंगचं व्होल्टेज मुद्दाम उतरवतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावलेला मीटर 0.2-0.3 व्होल्ट कमी दाखवतो, तो वायरिंगचा वाटा. तो वाटा लोड टाकल्यावर एकदम वाढत असेल, तर तीही एक बातमीच आहे.

एक वाईट सवय अजून दिसते: इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून ‘अल्टरनेटर ओके’ ठरवणं. अल्टरनेटरच्या आधीच्या, डायनॅमोच्या काळात ते खपून जात होतं. अल्टरनेटरवरचा भार असा अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतं आणि कंट्रोलर, मीटर, काय जाईल ते जातं.

इंजिन खरंच तापत असेल तर

स्कॅनरसुद्धा 105-110 दाखवतोय आणि तेही फक्त रात्री, ट्रॅफिकमध्ये? इथेही चार्जिंगकडे बोट जातं, पण वेगळ्या कारणाने. इलेक्ट्रिक फॅनला 14 व्होल्टऐवजी 12 मिळाले की तो फिरतो, पण वारा कमी देतो. चार्जिंग कमजोर, त्यात हेडलाइट, त्यात फॅन. फॅनच्या सॉकेटवर, फॅन चालू असताना, व्होल्टेज मोजा. बॅटरीवर 13.8 आणि फॅनवर 11.9 असेल तर रिले, सॉकेट किंवा फॅनची अर्थ. काळपट, वितळल्यासारखा सॉकेट दिसला तर मोजायचीही गरज नाही.

बाकीची विभागणी ढोबळ आहे, पण उपयोगी. उभ्या गाडीत तापते, पळताना उतरते, तर फॅन. पळताना तापते, तर कूलंटचा प्रवाह: चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, वॉटर पंप. कूलंट बदलल्यानंतर काटा वरखाली उड्या मारतोय, तर आत हवा अडकली आहे, ती काढा. आणि कूलंटमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटची चाचणी करून घ्या. तो विषय वेगळा आणि खर्चिक आहे.

नव्या गाड्यांसाठी दोन सूचना. बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर एक छोटा चौकोनी डबा आणि त्याला सॉकेट दिसत असेल, तर तो करंट मोजणारा सेन्सर आहे. अशा गाडीत अल्टरनेटरला कंट्रोलर आज्ञा देतो, त्यामुळे पळताना 12.5 आणि ब्रेक किंवा उतारावर 15 च्या जवळ दिसणं हा दोष नव्हे. शंका असेल तर हेडलाइट लावून मोजा, तेव्हा व्होल्टेज बहुधा वर स्थिर होतं. जास्तीची अर्थ, चार्जर किंवा जंपर लावताना निगेटिव्ह टोक खुंटावर न लावता बॉडीच्या ठरलेल्या बिंदूवर लावा. नाहीतर तो करंट सेन्सरला दिसतच नाही आणि बॅटरी किती भरली याचा कंट्रोलरचा हिशेब चुकत जातो.

एवढं करूनही वर मोजलेले सगळे व्होल्टेज ड्रॉप (वाटेत होणारी व्होल्टेजची घट) मर्यादेच्या आत आहेत, स्कॅनर 90 सांगतोय आणि काटा तरी वरच, तर पेट्रोलच्या काट्याकडे बघा. तोही टाकीत आहे त्यापेक्षा जास्त दाखवत असेल तर दोघांना समाईक असलेली गोष्ट बिघडली आहे. जुन्या मीटरमागे एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, दोन्ही काट्यांना साधारण 10 व्होल्ट सरासरी देणारा. त्याची अर्थ सुटली की तो पूर्ण बॅटरीचं व्होल्टेज सोडतो आणि दोन्ही काटे एकत्र वर जातात. क्लस्टर (डॅशबोर्डवरचा मीटरांचा संच) बाहेर काढून त्याचा स्क्रू आणि मागची अर्थ साफ करा. पेट्रोलचा काटा बरोबर आणि फक्त तापमानाचा चुकीचा असेल, तर सेन्सरची वायर काढा. काटा ‘थंड’वर गेला तर वायर ठीक आहे आणि सेन्सर बदलायला आता हरकत नाही. वायर काढूनही वरच राहिला, तर ती वायर कुठेतरी सोलून इंजिनला टेकते आहे. एक्झॉस्टच्या बाजूने शोधायला सुरुवात करा.